हेडलाईट गेली, पार्ट 'येतोय'

परवा रात्री कुंभार्ली घाट उतरताना दोन्ही हेडलाईट एकदम गेल्या, धो धो पाऊस, समोरून ट्रक, आणि पास लिव्हर (स्टिअरिंगजवळची दांडी, समोरच्याला लाईट मारायची) ओढून धरला तरच हाय बीम लागतोय, मग काय, तो लिव्हर एका हाताने धरून पोफळीपर्यंत आलो, बायको शेजारी रामरक्षा म्हणतेय.

चिपळूणच्या मेकॅनिकने हेडलाईटचा स्विच खोलून दाखवला, कॉन्टॅक्टजवळचं प्लास्टिक वितळलेलं, आणि बल्बच्या कनेक्टरमध्ये हिरवट थर, आमच्या खाऱ्या हवेची कृपा.

खरा संताप पुढे आहे. ह्याच स्विचसाठी कंपनीचं रिकॉलचं (सदोष पार्ट बदलायला गाडी परत बोलावण्याचं) पत्र उन्हाळ्यातच आलं होतं! फोन केला की एकच टेप, "पार्ट आला की कळवतो सर". गणपती येऊन गेले, पार्ट काय येत नाही. पत्र पाठवलं की यांचं काम संपलं बहुतेक.

१ एप्रिल २०२१ पासून ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांना सक्तीच्या रिकॉलचा नियम आहे, तक्रारी ठरलेल्या आकड्याच्या वर गेल्या की सरकार आदेश काढू शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. म्हणून सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर तक्रार टाकलीय. तुमचाही स्विच गरम लागत असेल तर टाकाच, आणि बाहेर काम केलंत तर जुना स्विच आणि बिल मागून घ्या.