रन दाबू नये

"सगळ्यात लहान कार्ड दे," म्हटल्यावर दुकानातला पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. गिऱ्हाईक नेहमी उलटं मागतं. त्यानं खण चाळवला आणि म्हणाला, "बत्तीस जीबी. त्याच्या खाली आता येतच नाही काका." मी दोन जीबीचं विचारलं. "जुनं कुठंतरी मिळंल, पण महाग पडंल." कमी मालाला जास्त भाव! सांगलीत, हळदीच्या पेठेत वाढून हा न्याय मी पहिल्यांदाच ऐकत होतो. स्टँडपासून घरी येईपर्यंत ते नखाएवढं कार्ड वरच्या खिशात होतं आणि मी दर चौकाला खिसा चाचपत होतो.

कार्ड हवं होतं ते स्पेक्ट्रम नावाच्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरसाठी. त्याची एकूण मेमरी ४८ केबी, त्यातले जवळपास सात केबी नुसता पडदा रंगवण्यात जातात. घरी येऊन मी कागदावर भागाकार केला. सगळी मेमरी काठोकाठ भरणारे प्रोग्रॅम जरी घेतले, तरी या कार्डात ते साडेसहा लाखांच्या आसपास मावतील. हा आकडा बघून कुणाला आनंद झाला असता. माझी दुपारची झोप गेली.

रिकामी जागा मला सोसत नाही. हे आमच्या घरातच आहे. आई शेजारणीची वाटी कधी रिकामी परत पाठवायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. कपाटाच्या डोक्यावर बॅगा, बॅगांत रजया, रजयांच्या घडीत जुने कॅलेंडर. पलंगाखालचा मोकळा भाग दिसला की आजी म्हणायची, "इथं एक पोतं बसंल." असल्या घरात वाढलेल्या माणसाला बत्तीस जीबी देऊन बघा.

स्पेक्ट्रम काकांचा. सिंक्लेअरनं इंग्लंडात १९८२ साली काढलेलं यंत्र, त्याची खऱ्याखुऱ्या बटणांची प्लस आवृत्ती १९८४ ची. भारतात ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवान्यावर आणली, तिचं नाव डीबी स्पेक्ट्रम प्लस. काकांनी पुण्याहून ती एसटीत मांडीवर ठेवून आणली. अडत दुकानाच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाचे हिशोब, करायला. त्या काळी यार्डात कुणाच्या दुकानात साधा कॅल्क्युलेटर असला तरी मुनीम त्याच्याकडे संशयानं बघायचे, आणि काका म्हणत होते, शेतकऱ्याचं वजन, दर, हमाली, तोलाई, अडत आणि वर घेतलेली उचल, सगळं हे यंत्र करेल.

केलंही. फक्त प्रिंटर नव्हता. त्यामुळे दुकान बंद करून काका घरी यायचे, टीव्हीसमोर बसायचे, आम्हाला बातम्यांपासून उठवायचे, आणि पडद्यावर हिशोब आला की तो वहीत हातानं उतरवून घ्यायचे. आजोबांनी एकदाच विचारलं, "मग पहिल्यांदाच वहीत का नाही लिहीत?" यावर काकांनी दिलेलं उत्तर बेसिकमध्ये, म्हणजे त्या यंत्राच्या प्रोग्रॅमच्या भाषेत, होतं.

बंद केलं की यंत्राच्या डोक्यात काही उरायचं नाही. सगळं कॅसेटवर. लोड करायला टेपरेकॉर्डरची वायर यंत्राच्या कानाच्या, म्हणजे 'इअर' लिहिलेल्या, भोकात घालायची, 'जे' हे अक्षर दाबलं की लोड हा अख्खा शब्द उमटायचा, मग दोन अवतरणचिन्हं आणि एंटर. पडद्याच्या कडेला आधी लाल आणि निळसर जाड पट्टे सरकायचे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे थरथरायचे आणि किर्रर्र असा आवाज सुरू व्हायचा. पूर्ण भरलेला प्रोग्रॅम असेल तर पाच मिनिटं. चौथ्या मिनिटाला कुणी मिक्सर लावला की खाली अक्षरं यायची, टेप लोडिंग एरर. काकी स्वयंपाकघरातून विचारायची, "गेलं का?" तिच्या आवाजात दुःख असायचंच असं नाही.

काकीचं कारण वेगळं होतं. कोरी कॅसेट त्या वेळी महाग. काका पैशाला घट्ट. नवी कॅसेट घेण्यापेक्षा घरातली कुठली पुसता येईल, याच्यावर त्यांचं लक्ष. विकत घेतलेल्या गाण्यांच्या कॅसेटला वरच्या बाजूला दोन चौकोनी खाचा असतात, म्हणजे चुकून त्यावर काही भरलं जाऊ नये. काकांनी काकीच्या अभंगांच्या कॅसेटच्या एका खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा नखानं नीट दाबून बसवला. एवढं केलं की टेपरेकॉर्डरला ती कोरी वाटते. आषाढी एकादशीला सकाळी काकीनं देवघरासमोर टेप सुरू केला. एक अभंग झाला, दुसऱ्याचं ध्रुपद झालं, टाळ वाढत गेला, आणि मध्येच पट्टी सुरू झाली. किर्रर्र. आम्ही पोरं हसून लोळलो. काकीनं टेप बंद केला नाही. हात जोडून ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग काकांना फराळाला फक्त भगर वाढली, आमटी दिली नाही.

तर आता हे यंत्र माझ्याकडे आलंय. काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकीनं माळा आवरताना ते माझ्या हवाली केलं, वर एक डालड्याचा डबा दिला, त्यात कॅसेटी. यंत्र चालू झालं. फक्त ॲडाप्टर बघून लावावा लागतो, कारण स्पेक्ट्रमच्या नऊ व्होल्टच्या पिनेत मधला भाग ऋण असतो आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेकांत तो धन. टीव्हीची सोयही एका मुलानं मॉड्युलेटरला वळसा घालून करून दिली. टेपरेकॉर्डर मात्र संपला होता. आतला रबरी पट्टा वितळून त्याचं डांबर झालेलं.

कॅसेटच्या जागी आज लावायला काय काय मिळतं, हे बघत मी किती संध्याकाळी घालवल्या ते बायकोला विचारा. यंत्राच्या मागच्या पट्टीला लागणारं डिवएमएमसी नावाचं जोडयंत्र उत्तम, कार्डावरचा प्रोग्रॅम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चढतो. पण ते परदेशातून मागवायचं, टपाल वेगळं, कस्टम वेगळं. त्या पैशांत घराची गळकी गच्ची होते, हे मला घरातूनच कळलं. फुकटचा मार्ग म्हणजे मोबाईल. प्रोग्रॅमची फाईल आवाजात बदलायची आणि फोनची वायर त्याच कानाच्या भोकात घालायची. आवाज पूर्ण वाढवायचा, आवाज सुधारणारी सगळी फोनची हुशारी बंद करायची. चालतं. पण माझ्या फोनला वायरचं भोकच नाही, आणि जुना फोन लावला तर नेमका त्याच मिनिटाला कुणीतरी कर्ज हवंय का म्हणून विचारतं.

मधला मार्ग मी धरला. आर्डुइनो नॅनो या चिमुकल्या कंट्रोलर बोर्डाची स्वस्त नक्कल, कार्ड बसवायची पट्टी, बोटाएवढा पडदा, चार बटणं, छोटा ॲम्प्लिफायर. सगळं मिळून हजाराच्या आत. त्यात भरायचा प्रोग्रॅम लोकांनी लिहून फुकट ठेवलेला आहे, टीझेडएक्सडुइनो नावाचा. मी स्वतः डाग दिले, एका पुठ्ठ्याच्या साबणाच्या खोक्यात सगळं बसवलं. हे खोकं कार्डावरची फाईल वाचतं आणि तिचा कॅसेटसारखा आवाज करतं, बास. वेळ तेवढाच लागतो. पट्टेही तेच. बत्तीस जीबीचं कार्ड पलीकडे बसलंय आणि स्पेक्ट्रम बिचारा अजून समजतोय की काकांनी टेप लावलाय. मला ही फसवणूक फार आवडली. डिवएमएमसी घेतलं असतं तर एवढी आवडली नसती, असं मी गच्चीकडे न बघता म्हणू शकतो.

साठवण म्हटली की आम्हा सांगलीकरांना पेव आठवतं. काका आम्हाला हरिपूरला न्यायचे, चिंचांच्या रस्त्यानं, सायकलच्या दांड्यावर एक आणि कॅरिअरवर एक. संगमावर जाऊन यायचं आणि येताना कुणाच्या तरी पेवाशी थांबायचं. वरून बघावं तर जमिनीत माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. आत पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड मातीनं बंद करायचं, मग ती वर्षानुवर्षं तशीच. आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही. भाव येईल तेव्हा उघडायची. पण उघडल्याबरोबर कुणी उतरत नसे. तोंड बराच वेळ मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. आम्ही पालथं पडून बघायचो. कंदील खाली खाली जायचा, पिवळ्यात पिवळा मिसळायचा. "विझला तर?" मी विचारलं. "तर आज नाही उतरायचं," काका म्हणाले. आणि लगेच, "मागं हो, मान तुटंल."

पेवात मोकळी जागा किती, हे कुणी मोजत नसे. कुणाच्या पेवात किती माल, कुठल्या साली भरला, हे मालकाला आणि अडत्याला तोंडपाठ. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि त्यातली पुष्कळ पेवं कामातून गेली. आता माल गोडाऊनला, शीतगृहात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात पेवांचे जुने फोटो आले होते.

कार्डाकडे येतो. रिकामं सोसत नाही म्हणून मी ते भरायला घेतलं. मिळाले तेवढे खेळ टाकले, हजारोंनी. अक्षरांप्रमाणे फोल्डर केले. मग बोटाएवढ्या पडद्यावर एकेक नाव सरकवत बसलो. काही वेळानं लक्षात आलं की मी एकही खेळ लावलेला नाही, नुसता यादी वाचतोय. आणि कार्ड अजून रिकामंच. भरलेला भाग दाखवणारी पट्टी केसाएवढीसुद्धा निळी झाली नव्हती.

मग डालड्याचा डबा काढला.

अभंगांची कॅसेट सापडली. चिकटपट्टी पिवळी पडून निघाली होती, खाचेशी तिचा चौकोन उरला होता. आतली फेल्टची गादी, जी फीत हेडवर दाबून धरते, ती गळून तळाला पडलेली. चिमट्यानं उचलून गोंदाच्या थेंबानं बसवली. एका मित्राचा टेप आणला, हेडजवळचा बारीक स्क्रू आवाज खणखणीत होईपर्यंत फिरवला, आणि वायर कॉम्प्युटरला जोडली. आधी टाळ. मग ध्रुपद. मग काकांची पट्टी. रेकॉर्ड केलेल्या आवाजाची फाईल करून कार्डावर टाकली. एवढ्या मोठ्या पेठेत तिचं वजन चिमूटभर.

कॅसेटच्या आतल्या कागदावर, अभंगांच्या यादीच्या मागच्या बाजूला, काकांचं बॉलपेननं लिहिलेलं होतं: "रन दाबू नये. बाक्या जातात. गो टू १० करावे."

ज्यांनी ही यंत्रं वापरली त्यांना कळेल. स्पेक्ट्रम प्रोग्रॅम साठवताना त्याच्या बरोबर आतले आकडेही साठवतो. पण लोड झाल्यावर रन केलंत की आधी सगळे आकडे पुसतो, मग पहिल्या ओळीपासून सुरू करतो. गो टू केलंत तर पुसत नाही. म्हणजे 'जी' हे अक्षर दाबायचं आणि दहा टाइप करायचं. जीच्या ऐवजी आर दाबलं की संपलं.

मी जी दाबलं. पट्टी आली. एका ओळीत ३२ अक्षरं मावतात, त्यामुळे माणसं आखूड केलेली. गावाची दोन अक्षरं, नावाची पाच, मग पोती, मग उचल, मग बाकी. कसबे डिग्रज नुसतं केडी. तुंग, सोनी, भोसे. काही नावं मला ओळखू आली. दुकानात गुळाचा खडा हातावर ठेवणारा एक म्हातारा त्यात होता, त्याच्या नावापुढे बाकी बऱ्यापैकी. काही ओळींपुढे शून्य. बऱ्याच ओळींपुढे नव्हतं.

मग मी आर दाबलं आणि एंटर. खाली यंत्रानं लिहिलं, व्हेरिएबल नॉट फाउंड. अख्ख्या तालुक्याची उचल माफ! मला खरंच बरं वाटलं. मिनिटभर. मग खोक्याचं बटण दाबलं, पट्टे थरथरले, गो टू केलं, आणि सगळे कर्जदार पुन्हा रांगेत उभे.

रात्री दादाला फोन केला. काकांचा मुलगा, दुकान आता त्याच्याकडे. मी म्हटलं, "दादा, काकांचा जुना हिशोब निघालाय. वह्यांशी ताडून बघायचा का?"

"वह्या कुठल्या? गणपती पेठेतल्या वखारीत होत्या. पाचच्या पुरात लगदा झाला त्यांचा." मग थोडं थांबून, "कुणाकुणाची आहे बाकी?"

मी नावं वाचली. म्हाताऱ्याच्या नावाला तो म्हणाला, "त्याचा नातू येतो अजून माल घेऊन. चांगलं पोरगं आहे. किती आहे?"

आकडा सांगितला.

"आणि व्याज किती धरलंय त्यावर?"

मी प्रोग्रॅमच्या ओळी उघडल्या. एकेक करून खाली आलो. वजन, दर, हमाली, तोलाई, अडत, उचल, वजाबाकी, संपलं. पुन्हा वरून बघितलं. दादा फोनवर वाट बघत होता, मागं त्याचा टीव्ही चालू होता.

"व्याजाची ओळच नाही दादा यात."

"असं कसं होईल?" तो म्हणाला. "जागा पुरली नसेल."

एका ओळीला किती जागा लागते ते मी त्याला सांगत बसलो नाही.