कडेपठारला जाणार असाल तर चपला खाली ठेवू नका

पायांचे फोड अजून बसलेले नाहीत, पण विसरायच्या आत लिहून टाकतो. चैत्रातल्या रविवारी जेजुरीला जाऊन आलो. गडाच्या पायथ्याशी ज्या दुकानातून नारळ-भंडारा घेतला, तिथल्या माणसाने चपला ठेवून घेतल्या आणि म्हणाला, "कडेपठारला पण असंच जा, गडाच्या मागंच आहे. पंधरा मिनिटं." ही पंधरा मिनिटं आमच्या अनवाणी पायांना पावणेदोन तास पडली.

जेजुरीत खंडोबाची दोन ठाणी आहेत, हे माहीत असूनही अंतराचा अंदाज मी चुकलो. पायऱ्या, दीपमाळा, पितळी कासव हे सगळं आपण फोटोत बघतो तो नवा गड. कडेपठार हे मूळ ठाणं, त्याच्याही वरच्या डोंगरावर. गडाच्या मागून डोंगरधारेने एक वाट जाते आणि पायथ्याकडून वेगळी पायऱ्यांची वाटही आहे. नेहमी डोंगर चढणाऱ्याला यातल्या कुठल्याच वाटेने दम लागणार नाही. त्रास आहे तो तळपायांना. धारेवर सावली नाही, मुरूम आणि बारीक खडी आहे, मध्येच उघडा कातळ लागतो. आम्ही अकराला निघालो. बाराच्या सुमाराला त्या कातळावर पाय टेकवत नव्हता. मित्राने उपरण्याचे दोन तुकडे करून पायांना बांधले, ते शंभर पावलांत सुटले. मी गवताच्या कडेकडेने चाललो तर कुसळं घुसली. भर उन्हात ही वाट अनवाणी करूच नका, नवस असला तरी पहाटे निघा. पाच-साडेपाचला चढायला लागलात तर हाच कातळ गार असतो.

दुसरा राग भंडाऱ्याचा. पाकिटातली पिवळी पूड हळद नव्हती. उधळल्यावर डोळे चुरचुरले, हाताला हळदीचा वास नाही आणि शर्टाचा डाग तीन धुण्यांत गेला नाही. घरून हळद न्या, अर्धा किलो पुरते. खोबऱ्याच्या वाट्याही घरच्याच न्या. आणि तळी भरायची असेल तर आकडा आधी ठरवा. कासवावर आमची तळी भरून देणाऱ्याने आधी "द्या काय द्यायचं ते" म्हटलं आणि ताम्हन खाली ठेवल्यावर पंधराशे मागितले. घासाघीस करून पाचशेवर आला. खरं तर तळी स्वतः भरता येते. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा घ्यायचा, पाच जणांनी मिळून उचलायचं आणि "सदानंदाचा येळकोट" म्हणायचं. मधे कोणी लागत नाही. गडाच्या पायऱ्यांवर सांडलेला भंडारा आणि तेल मिळून निसरडं होतं, उतरताना कडेने उतरा.

धारेच्या शेवटच्या चढावर एक आजी भेटल्या, सोलापूरकडच्या, डोक्यावर बोचकं, पाय अनवाणी. आमची अवस्था बघून त्यांनी बोचक्यातून गोणपाटाचे तुकडे काढले आणि सुतळीने माझ्या पायांना बांधले, गाठ घोट्याच्या मागे, पुढे नाही. पुढची गाठ चढताना सुटते, हे त्यांनी सांगितलं. गोणपाट शेवटपर्यंत टिकलं.

बांधता बांधताच त्यांनी गोष्ट सांगितली. एक म्हातारा भक्त रोज कडेपठार चढायचा. पाय थकले तेव्हा त्याने देवाला सांगितलं, आता येणं होत नाही. देव म्हणाला, मग मीच खाली येतो. तो खाली आला, तोच नवा गड. "आपुन आता त्येचं जुनं घर बघाय चाललोय," आजी म्हणाल्या. मणी-मल्लाला मारणारा मार्तंड भैरव मी लहानपणापासून ऐकलेला. मरताना शरण आलेल्या मणीलाही त्याने जवळ जागा दिली आणि मल्लाचा अरी म्हणून तो मल्हारी, हेही पाठ. सारीपाटात म्हाळसेशी हरून बाणूच्या वाड्यावर मेंढरं राखणारा देवही ओळखीचा. पण म्हाताऱ्याचे पाय दुखले म्हणून डोंगर उतरलेला हा देव मला त्या कातळावरच कळला, आणि डोळ्यांत पाणी आलं.

वर गर्दी नव्हती. एक वाघ्या दिमडी वाजवत बसला होता. नव्या गडावर दर्शनाला दोन तास रांगेत होतो, इथे गाभाऱ्यासमोर हवं तितका वेळ बसलो. एकच ठिकाण करायचं असेल तर कडेपठार करा. सोमवती अमावस्या आणि चंपाषष्ठीला मात्र निवांतपणा विसरा.

उतरताना पायऱ्यांची वाट धरली. गुडघ्यांना जड आहे, पण तळपायांना बरी. पुण्याहून दिवे घाट, सासवडमार्गे साधारण 50 किलोमीटर पडतं, मिरज मार्गावर जेजुरी स्टेशनही आहे. दुसऱ्या दिवशी मोरगाव केलं, ते व्यवस्थित झालं.

पाणी माणशी दोन लिटर घ्या. पायताण पिशवीत घालून गडावर न्या, दर्शन झालं की मागच्या वाटेला लागताना घाला. आणि एक गोणपाट, सुतळीसकट, सोबत असू द्या. वाटेत कोणीतरी अनवाणी भेटेलच.