पांढऱ्या पाटीपासून टूरिस्ट परमिटपर्यंत : आमची वाटचाल

नाशिकला वाइनरी पाहायला येणारा पाहुणा आमची गाडी ठरवतो, ती दिवसभर चाखून झाल्यावर स्टिअरिंग आपल्या हाती नसावे म्हणून. आपल्या सुरक्षिततेची जबाबदारी तो आमच्यावर टाकतो. ही जबाबदारी केवळ सावकाश गाडी चालवून पार पडत नाही, ती कागदोपत्रीही पूर्ण असावी लागते, हे समजायला आम्हाला दोन वर्षे लागली.

2012 च्या हिवाळ्यात आम्ही काम सुरू केले, तेव्हा घरची एक सात आसनी गाडी आणि गंगापूर रोडवरील दोन हॉटेलांची ओळख एवढेच आमचे भांडवल होते. नाशिकच्या सुला वाइनरीने 2005 मध्ये टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखण्याची जागा, सुरू केल्यापासून शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांची वर्दळ वाढली होती आणि 2010 मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले होते. नाशिकरोड स्टेशनवर पाहुण्यांना घ्यायचे, गंगापूर धरणाच्या बाजूच्या दोन वाइनरी दाखवायच्या, वेळ उरल्यास दिंडोरीकडे जायचे आणि संध्याकाळी परत सोडायचे, असा आमचा क्रम असे. गाडीची नंबर प्लेट पांढरी, म्हणजे खासगी होती. ओळखीच्या माणसांना फिरवतो आणि त्यांच्याकडून खर्च घेतो, यात वावगे काही नाही, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

2014 च्या फेब्रुवारीत, ऐन द्राक्षतोडणीच्या हंगामात, तपासणी पथकाने गाडी थांबवली. अधिकाऱ्यांनी पाहुण्यांना भाडे किती ठरले, एवढेच विचारले आणि त्यांनी खरे ते सांगितले. गाडी जमा झाली, पाहुण्यांना दुसरी गाडी करून द्यावी लागली आणि त्या दिवशीचे पैसे आम्ही परत केले. दंड भरून हा प्रसंग विसरता आला असता. पण त्याच आठवड्यात आमच्या विमा सल्लागारांनी जे सांगितले, त्याने झोप उडाली. खासगी गाडीचा विमा भाड्याने प्रवासी नेण्याला लागू होत नसल्यामुळे अपघात झाला असता, तर पाहुण्यांच्या भरपाईचा बोजा आमच्यावर येऊ शकला असता. दोन वर्षे आम्ही विश्वासाने बसलेल्या माणसांना अशा गाडीतून नेले होते, याची खंत मला आजही वाटते.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 66 नुसार परवान्याशिवाय कोणतेही वाहन परिवहन वाहन म्हणून वापरता येत नाही. आम्ही कर्ज काढून परिवहन वर्गात नोंदणी झालेली, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी घेतली. तिचे टूरिस्ट परमिट, पासिंग (गाडी चालवण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र), प्रवासी वाहतुकीचा विमा, कर, पीयूसी आणि चालकाचा बॅज, हे सारे हातात येईपर्यंत आम्ही एकही आरक्षण घेतले नाही.

खरी कसोटी 2016 मध्ये लागली. आम्ही सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि एकेकटे किंवा जोडीने येणाऱ्यांसाठी माणशी दर ठेवून, वेगवेगळ्या हॉटेलांवरून प्रवासी घेत जाण्याचा बेत आखला. व्यवसायाच्या दृष्टीने तो उत्तम होता, परंतु कायद्यात बसत नव्हता. आमचा परवाना कंत्राटी वाहतुकीचा, म्हणजे संपूर्ण गाडी एका करारावर देण्याचा आहे आणि त्या कराराबाहेरचा प्रवासी वाटेत घेता किंवा उतरवता येत नाही. चालक वगळून सहापेक्षा जास्त प्रवाशांकडून स्वतंत्र भाडे घेऊन चालणारी गाडी ही टप्पा वाहतूक ठरते आणि तिचा परवाना निराळा असतो. मात्र याच अधिनियमातील कंत्राटी वाहनाच्या व्याख्येत मॅक्सीकॅबचा, म्हणजे सहापेक्षा जास्त पण बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या गाडीचा, समावेश आहे आणि सहापर्यंत प्रवाशांच्या मोटारकॅबमध्ये तर स्वतंत्र भाडे घेतले तरी ती कंत्राटी वाहनच राहते. ही व्याख्या आम्ही वकिलांसमोर बसून ओळीओळीने वाचली. तेव्हापासून माणशी दराची सहल फक्त लहान गाडीतून होते आणि मोठी गाडी एकाच गटाला, एकाच करारावर, प्रवाशांच्या यादीसह दिली जाते. यामुळे काही आरक्षणे हातची जातात आणि ती आम्ही जाऊ देतो.

वाइनच्या बाबतीतही आम्ही सीमारेषा स्पष्ट आखली आहे. मद्य विकण्याचा परवाना वाइनरीचा असतो, आमचा नाही. म्हणून टेस्टिंगचे पैसे पाहुणे तिथेच भरतात, आमच्या बिलात प्याल्याची किंमत नसते आणि गाडीत बाटली उघडली जात नाही. कोरड्या दिवसांचा, म्हणजे मद्यविक्री बंद असलेल्या ‘ड्राय डे’चा, तक्ता पाहिल्याशिवाय तारीख दिली जात नाही. 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत येणारा एक गट आम्ही त्यामुळेच पुढच्या आठवड्यावर नेला.

आमचे सर्वांत जुने चालक, ज्यांना कार्यालयात सगळे मामा म्हणतात, यांना पाहुणे प्रेमाने आग्रह करतात, “मामा, एक घोट तरी घ्या.” कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे, आमची मर्यादा शून्य आहे. मामा हात जोडून नकार देतात आणि पाणी मागून घेतात. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले. आमच्या दोन्ही गाड्या त्या वजनाच्या आत असल्या, तरी प्रवासी वाहतुकीचा अनुभव आणि पोलीस पडताळणी यांशिवाय आम्ही कोणाच्याही हाती चावी देत नाही.

2020 च्या टाळेबंदीत गाड्या अंगणात उभ्या राहिल्या आणि हप्ते मात्र चालूच राहिले. त्या काळात सौभाग्यवतींनी प्रत्येक गाडीची स्वतंत्र वही केली. परमिट, विमा, पासिंग, पीयूसी आणि कर यांच्या मुदती तिच्यात लाल शाईने लिहिलेल्या असतात आणि महिनाभर आधीच सौभाग्यवती आम्हाला आठवण करून देतात. अखिल भारतीय टूरिस्ट परमिट ऑनलाइन मिळू लागल्यापासून हेलपाटे कमी झाले, पण वही बंद झालेली नाही.

गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी असते, नंतर दरवर्षी करावे लागते. आमची ट्रॅव्हलर आता त्या वयाची झाली आहे. तिचे पासिंग आम्ही डिसेंबरात, जानेवारीची तोडणी सुरू होण्याआधी उरकतो आणि ते प्रमाणपत्र वहीत लागेपर्यंत त्या गाडीचे एकही आरक्षण घेत नाही.