लाल पेनाने कापलेली मराठी

मदनपुऱ्यात एका उर्दू शाळेत मी मराठी शिकवते. यूपीहून आलेल्या विणकरांनी वसवलेला हा भाग, आता जिकडेतिकडे बॅगांचे आणि जरीचे कारखाने, आणि चालत गेलं की भायखळ्याचं १८६४ सालचं निळं सिनेगॉग. पोरं रोज हे सगळं बघत येतात आणि वर्गात मात्र मराठी म्हटलं की माना खाली.

परवा टेस्टचे पेपर वाटले. निबंध होता 'माझा शेजार'. एकाने लिहिलेलं, 'आमच्या बाजूला मलबारी चाचा चाय विकतो, मराठी त्याला येती नाही पण वो गिऱ्हाइकला बराबर समजून घेतो.' मी लाल पेनाने पार रक्तबंबाळ केलं होतं, दहापैकी तीन.

वीस मिनिटं उरली होती म्हणून पर्समधली झेरॉक्स काढली, नारायण सुर्व्यांची 'शीगवाला' ही कविता. सिलॅबसमध्ये नाही, मलाच आवडते. त्यातला दाऊद चाचा अर्धं हिंदी अर्धं मराठी असं एका दमात बोलतो, आणि मी वाचायला लागले तशी मागच्या बाकावरची कुजबुज बंद झाली, मग हसू फुटलं, कारण हे तर त्यांच्या गल्लीतलंच कोणीतरी बोलत होतं ना!

तेवढ्यात तोच मलबारी चाचावाला पोरगा उठला. "टीचर, इस चाचा को कितना मार्क दिया?"

मी गप्प. खरंच गप्प.

मग विषय बदलायचा म्हणून (हो, पळवाटच) सुर्व्यांबद्दल सांगितलं. रस्त्यावर सापडलेलं बाळ, एका गिरणी कामगाराने वाढवलं, पुढे म्युनिसिपल शाळेत शिपाई झाले आणि मग मास्तर. "प्यून पण कविता लिहितो?" एकीने विचारलं, आणि सगळ्यांनी दारातल्या आमच्या शिपाईमामांकडे असं काही बघितलं की ते बिचारे लाजून घंटा द्यायला निघून गेले, पाच मिनिटं आधीच.

स्टाफरूममध्ये तो पेपर परत काढला. एवढी वर्षं कवितेत 'लोकभाषा' वगैरे शिकवतेय आणि वहीत दिसली की कापतेय. 'येती नाही' वरची रेघ खोडली, 'वो' पण राहू दिला, तीनाचे आठ केले. दोन मार्क मात्र ऱ्हस्व-दीर्घाचे कापले ते कापलेच, तिथे मी ऐकणार नाही, सुर्वे मास्तरांनीसुद्धा कापले असते.