भिंतीवरच्या पटाश्या आणि घरचा हिशेब

लाकूड कातण्याचा छंद फारसा खर्चिक नसतो असे जो सांगतो, त्याने बहुतेक वेळा फक्त लेथची, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्राची, किंमत पाहिलेली असते. माझे यजमानही सुरुवातीला तसेच म्हणाले होते आणि त्या वेळी ते मनापासून बोलत होते. चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये त्यांची नोकरी झाली. लोखंड कातण्यात उमेदीची वर्षे गेल्यावर निवृत्तीच्या तोंडावर लाकूड कातून पाहावे असे त्यांना वाटले, यात मला काहीच वावगे दिसले नाही. टेबलावर बसणारा लहान लेथ आम्ही दोघांनी दुकानात जाऊन, चालवून पाहून, चाळीस हजारांना घेतला. ते पैसे संयुक्त खात्यातून गेले आणि माझ्या वहीत त्याची नोंद आहे. पुढच्या दोन वर्षांत त्याच लेथपायी आणखी सुमारे एक लाख साठ हजार रुपये खर्च झाले, आणि त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम माझ्या वहीत नाही. मी लिहिणार आहे ते या न लिहिलेल्या रकमेविषयी.

मी पतसंस्थेत काम करते. कर्जाचा अर्ज भरताना खालच्या आवाजात ‘मॅडम, पत्र घरच्या पत्त्यावर पाठवू नका’ असे सांगणारी माणसे मी नेहमी पाहते. त्यांतले थोडेच व्यसनी किंवा जुगारी असतात. कोणाला कॅमेऱ्याच्या लेन्स घ्यायच्या असतात, कोणाला जुनी मोटारसायकल नव्यासारखी करायची असते, तर कोणी भावाला मदत केलेली असते. अशा लपवालपवीची सुरुवात मोठ्या रकमेने क्वचितच होते. ‘एवढ्यासाठी काय सांगायचे’ असे वाटावे अशा लहान रकमेने ती होते. आमच्याकडेही तसेच झाले.

कातकामात एका वस्तूमागून दुसरी कशी येते हे मला आता पुरते ठाऊक आहे, कारण सगळी बिले मी पुढे ठेवून वाचली आहेत. लेथबरोबर जी हत्यारे मिळाली त्यांनी लाटणे, बाटलीसारखी फुलदाणी, टेबलाचा पाय असे लांबट काम होते. त्यात लाकडाचे रेषे, म्हणजे तंतू, लेथच्या आसाला समांतर असतात. वाडगा कातताना मात्र रेषे आडवे येतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात हत्यारासमोर दोनदा रेषांची कापलेली टोके येतात, आणि खोल पन्हळीची, जाड दांड्याची बाऊल गाऊज, म्हणजे वाडग्याची गोल पटाशी, लागते. लांबट कामाची रुंद गोल पटाशी वाडग्याला लावली, तर तिची मुठीत शिरलेली चपटी शेपटी मोडून पाते अंगावर येऊ शकते. म्हणजे ही खरेदी निव्वळ हौसेची नव्हती. वाडगा धरायला चार जबड्यांचा चक, म्हणजे लेथवरची पकड, लागतो, चकाला लेथच्या आट्यांशी जुळणारा अडॅप्टर लागतो, आणि मोठ्या वाडग्याचा तळ सफाईने करायचा तर चकाला वेगळे जबडे लागतात. वाळलेल्या बाभळीवर धार पाहता पाहता बोथट होते, तेव्हा ग्राइंडर आला. त्याच्या मूळच्या दगडावर धारेचा कोन दर खेपेला बदलत होता, म्हणून पटाशी ठरलेल्या कोनात धरणारी जिग आली. दगड झिजून त्याचा व्यास कमी होतो आणि जिगचे माप पुन्हा चुकते, म्हणून शेवटी क्युबिक बोरॉन नायट्राइडचे चाक आले. हिऱ्याखालोखाल कठीण असलेल्या या पदार्थाचे चाक जवळजवळ झिजत नाही, पण एका चाकाची किंमत दहा हजारांच्या पुढे जाते. शिसवाची धूळ अनेकांच्या कातडीला आणि श्वासाला बाधते, म्हणून चांगला मास्क आणि चेहऱ्यावरची ढाल आली. त्या दोन वस्तूंविषयी माझी कधीच तक्रार नव्हती आणि त्या दोन्ही त्यांनी मला सांगून घेतल्या.

इथपर्यंतची साखळी मला पटते. पुढचे मात्र पटत नाही. पोलादाच्या निरनिराळ्या जातींच्या पटाश्या येऊ लागल्या. साधे कार्बन पोलाद ग्राइंडरवर तापून निळे पडले की मऊ होते. हाय स्पीड स्टील हे हत्यारांचे मिश्र पोलाद सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपासही कठीण राहते, म्हणून घरच्या कामाला ते पुरेसे असते. यजमानांनीच मला हे शिकवले. तरीही कोबाल्ट मिसळलेली एक, धातूची पावडर घट्ट दाबून केलेल्या, जास्त व्हॅनेडियमच्या पोलादाची एक, इंग्लंडमधल्या शेफील्डची एक, अशा एकाच मापाच्या आणि एकाच आकाराच्या तीन-तीन गाऊज घरात आल्या. परदेशी मालावर सीमाशुल्क आणि कर चढतो तो वेगळाच. माझे आजोळ सावंतवाडीजवळ आहे. तिथल्या कातारी माणसाकडे भिंतीवर मोजकी हत्यारे असतात आणि त्यांवर त्याचे पांगाऱ्याच्या लाकडाचे भोवरे आणि भातुकली वर्षानुवर्षे होत आलेली आहे. तो खोल वाडगे कातत नाही, हे मान्य. पण एका पटाशीला रोज धार लावून जे येते ते तीन पटाश्या टांगून येत नाही, हे यजमानांच्या तोंडूनच मी शेजाऱ्यांसमोर ऐकले आहे.

आता लपवण्याविषयी. पार्सले घरी येत नसत. कारखान्याच्या पत्त्यावर येत आणि तिथून डब्याच्या पिशवीत घरी येत. पण मला सर्वांत लक्षात राहिली आहे ती मुठींची गोष्ट. बिनमुठीचे पाते स्वस्त पडते, म्हणून ते पाती तशीच घेत आणि मूठ स्वतः कातत. सगळ्या मुठी एकाच बाभळीच्या ओंडक्यातून, एकाच घाटाच्या, टोकाला पितळी नळीचे कडे बसवून आणि जवसाच्या तेलात भिजवून केलेल्या होत्या. तेल आणि हात लागून महिन्याभरात नवी मूठ जुनीसारखी गडद होत असे. गॅरेजच्या भिंतीवर ती हत्यारे ओळीने टांगलेली असत, आणि मी रोज त्यांच्याखालून स्कूटर काढत असूनही ओळ वाढते आहे हे मला जाणवत नसे, कारण प्रत्येक पटाशी आधीपासूनच तिथे असल्यासारखी दिसे. त्या मुठी खरोखर सुंदर आहेत. एवढी कारागिरी माझ्या नजरेपासून एक वस्तू वाचवण्यासाठीही वापरली गेली, हे कळले तेव्हा मला रकमेपेक्षा जास्त लागले.

ते उघडकीला आले क्रेडिट कार्डच्या पत्रकातून. त्यात ‘नो कॉस्ट ईएमआय’चे तीन हप्ते एकाच वेळी चालू होते. बिनव्याजी म्हणून मिळणाऱ्या या हप्त्यांत व्याज असतेच; विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो, पण बँक त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी लावते आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही घेते. तो लहानसा जीएसटी पत्रकात वेगळ्या ओळीत छापलेला असतो आणि माझी नजर कामामुळे अशाच ओळींवर जाते. मी विचारले, “अहो, हे हप्ते कशाचे?” त्यांनी एकही सबब सांगितली नाही. “बस, सगळेच सांगतो,” असे म्हणून कपाटातल्या बिलांची फाइल आणून ठेवली. बिले फाडलेली नव्हती, तारखेवार लावलेली होती. सगळे नीट जपणारा माणूस बायकोपासून मात्र लपवतो, याचा अर्थ लावायला मला बराच वेळ लागला.

मला राग आला तो पैसे गेल्याचा नव्हता. आमचे गृहकर्ज फिटले आहे, मुलगी कमावती आहे, आणि दीड लाखाने घर बुडणार नव्हते. राग याचा होता की या घरात मला न विचारता परवानगी देणारी किंवा नाकारणारी व्यक्ती ठरवून टाकले गेले. मी नाही म्हणेन असे त्यांनी गृहीत धरले आणि विचारलेच नाही. म्हणजे माझा नकार त्यांनीच ठरवला आणि माझा होकारही त्यांनीच काढून घेतला. पहिला लेथ आम्ही हौसेने बरोबर जाऊन घेतला होता. शेफील्डच्या गाऊजचे पार्सल आम्ही दोघांनी मिळून उघडले असते, ही शक्यताच उरली नाही.

या विषयावर बोलताना एक मैत्रीण म्हणाली, “आपल्या बायकांनी डाळीच्या डब्यात पैसे लपवले नाहीत का?” प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल द्यायची माझी इच्छा नाही. माझ्या सासूबाईंनीही लपवले होते. 8 नोव्हेंबर 2016 रोजी पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा त्यांनी कपड्यांच्या घडीतून, जुन्या पितळी डब्यातून आणि देवघराच्या खणातून नोटा काढून आमच्यासमोर ठेवल्या, आणि आयुष्यभर घरखर्चातून वाचवलेल्या त्या पैशांचा हिशेब मुलाला देताना त्यांना अवघडल्यासारखे झाले. त्या काळी अनेक घरांत हेच घडले. पण सासूबाईंना घरातल्या पैशाविषयी बोलण्याचा अधिकारच नव्हता. त्यांच्या हातात ठरावीक रक्कम पडे आणि तीतून जे उरेल तेवढेच त्यांचे. त्यांनी लपवलेला पैसा मुलांच्या फियांना आणि आजारपणाला बाहेर आला, हे घरातला प्रत्येक जण सांगतो. ज्याला विचारले जात नाही त्याने थोडे हातचे राखणे मी समजू शकते. ज्या घरात दोघांचे पगार एकाच खात्यात येतात आणि दोघांचाही शब्द सारखाच चालतो, त्या घरात लपवण्याला ते कारण उरत नाही.

इंग्रजी बोलणाऱ्या कातकाम मंडळींत एक विनोद फार फिरतो असे यजमान सांगत: मी गेल्यावर बायकोने माझी हत्यारे, मी तिला सांगितलेल्या किमतीला विकू नयेत, एवढीच माझी इच्छा आहे. हसणाऱ्यांनी हसावे. मी ते घडलेले पाहिले आहे. यजमानांचे एक सहकारी अचानक गेले. त्यांनाही असाच नाद होता. वर्षश्राद्धानंतर त्यांच्या पत्नीने गॅरेज रिकामे करायला काढले तेव्हा कशाची किंमत किती हे तिला ठाऊक नव्हते, आणि विचारावे तरी कोणाला हेही कळत नव्हते. पटाश्या आणि चकचे जबडे भंगारवाल्याने किलोवर नेले. आम्हाला समजले तेव्हा माल गेला होता. हाय स्पीड स्टीलची पटाशी गंजलेल्या पाइपाच्या तुकड्यांबरोबर तागडीत पडते, तेव्हा नवऱ्याने वर्षानुवर्षे लपवलेल्या रकमेचा तोटा शेवटी बायकोच्याच वाट्याला येतो, आणि तोही तो कशाचा आहे हे तिला न कळता.

त्यामुळे पहिली गोष्ट मी मागितली ती यादी. आम्ही दोन रविवारी गॅरेजमध्ये बसून ती केली. प्रत्येक हत्याराचे नाव, माप, पोलादाची जात, कुठून घेतले, कितीला घेतले आणि आज विकले तर साधारण किती येतील, असे रकाने पाडले. लिहिताना मीच प्रत्येक पटाशी हातात घेतली, आणि ती कशासाठी हे त्यांनी सांगायचे. एकाच कामाच्या तीन गाऊजपाशी ते थांबले आणि त्यांतली एक स्वतःहून बाजूला ठेवली. ती आणि न वापरलेले दोन जबड्यांचे संच पुण्यातल्याच एका शिकाऊ मुलाने घेतले. पैसे पुरते वसूल झाले नाहीत, पण मुलगा चांगला आहे आणि अजून धार लावायला येतो.

दुसरे, छंदाचे वेगळे बचत खाते उघडले. दर महिन्याला ठरलेली रक्कम त्यात जाते आणि त्या रकमेत त्यांनी काय घ्यावे याविषयी मी विचारत नाही. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. दोघांनी ठरवून एकमेकांना दिलेली मोकळीक ही खाजगी बाब आहे; तीत मला न कळलेले हत्यार आले तरी मी फसवले गेले असे होत नाही. माझ्यासाठीही तेवढीच रक्कम वेगळी निघते. मी तिचे काय करते ते त्यांनी विचारलेले नाही आणि मीही सांगितलेले नाही. क्रेडिट कार्डवर हप्त्याने छंदाची वस्तू घ्यायची नाही, एवढा एक नियम दोघांना लागू आहे, कारण हप्ता हा पुढच्या महिन्यांच्या संमतीची आगाऊ उचल असते, आणि पतसंस्थेत बसून मी त्याचे परिणाम रोज पाहते.

हे सगळे सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही. पार्सलवाल्याची बेल वाजली की अजूनही माझ्या मनात आधी शंका येते आणि मग मी दार उघडते. त्यांनाही ते कळते. एखादी वस्तू घेतली की ते आता गरजेपेक्षा जास्त सांगतात, सँडपेपरच्या घडीची किंमतसुद्धा सांगतात, आणि ते मला बरे वाटत नाही. माझ्यासमोर त्यांनी हजेरी द्यावी असे मला कधीच नको होते. याला वेळ लागेल.

सध्या प्रश्न बँडसॉचा, म्हणजे पट्ट्यासारखे पाते फिरणाऱ्या यांत्रिक करवतीचा, आहे. ओंडक्याचे गोल काप करायला आज ते वखारीत जातात आणि वखारवाल्याच्या सवडीवर अवलंबून राहतात, हे मी पाहते, आणि यंत्राची गरज मला पटली आहे. किंमत त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली. त्यावर मी विचारले की पाती किती दिवस टिकतात, ती पुन्हा धार लावून मिळतात का, धूळ ओढायला वेगळे यंत्र लागेल का, आणि घरच्या वीज जोडणीवर ते चालेल का. त्यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे नव्हती. ती घेऊन आले की पूर्ण आकडा वहीत लिहायचा आणि मग दुकानात दोघांनी जायचे, असे ठरले आहे.