मायनस ट्रॅक, नोंद ४: मोनोत हरवणारा पियानोचा खर्ज

मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज नसलेली साथ) मोनो केला, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र मिसळली, की पियानोचा डावा हात पातळ पडतो, त्याचं मूळ अखेर हाती लागलं. मागच्या नोंदीत संशय बास गिटारवर होता. तो चुकीचा निघाला. बास पूर्ण म्यूट केला तरी खड्डा तिथेच राहतो, आणि सगळे इफेक्ट काढून पियानो एकटा वाजवला तरीही राहतो. म्हणजे भानगड पियानोच्या लायब्ररीतल्या सॅम्पलमध्येच (आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या सुरांत) आहे: दोन मायक्रोफोन एकमेकांपासून लांब ठेवून केलेलं एबी रेकॉर्डिंग.

मायनस ट्रॅकच्या बाबतीत हा प्रश्न सोडून देता येत नाही. हॉलमध्ये किंवा मंडपात स्पीकर बहुतेक वेळा मोनोच चालतात, कारण अर्धे श्रोते एकाच बाजूच्या स्पीकरसमोर बसलेले असतात. हेडफोनवर भरदार वाटणारा पियानो तिथे कागदासारखा वाजला, तर गायकाला आधार कशाचा?

आधी मीटरबद्दल. पूर्ण पट्ट्याचा कोरिलेशन मीटर (सगळ्या फ्रिक्वेन्सी धरून डावी-उजवी बाजू किती जुळते ते दाखवणारा; +१ म्हणजे तंतोतंत, उणे म्हणजे एकमेकींविरुद्ध) इतके दिवस +०.४५ च्या आसपास दाखवत होता, म्हणून सगळं आलबेल वाटत होतं. हा आकडा साऱ्या फ्रिक्वेन्सींचा मिळून येतो, त्यामुळे अरुंद पट्ट्यातली मारामारी त्यात बुडून जाते. व्हॉक्सेंगोचा कोरिलोमीटर हा प्लगइन फुकट आहे आणि प्रत्येक पट्ट्याचं कोरिलेशन वेगळं दाखवतो. तो लावल्यावर १५० ते २०० हर्ट्झमध्ये काटा सरळ उणेत गेलेला दिसला. या कामासाठी यापेक्षा महाग काही घेण्याची गरज नाही.

मग चाचणी. मिडी नंबर (पट्ट्यांचे क्रमांक) २१ ते १०८, म्हणजे पियानोच्या सगळ्या ८८ पट्ट्या, व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) ८०, दोन सेकंद स्वर आणि एक सेकंद शांतता. एकूण ४ मिनिटं २४ सेकंद. पेडल नाही, रिव्हर्ब नाही, लायब्ररीच्या आतला 'रूम'सुद्धा बंद. त्याचं स्टिरिओ रेंडर करून प्रत्येक पट्टीसाठी (एल+आर)/२ ची, म्हणजे डाव्या-उजव्याच्या मोनो मिश्रणाची, आरएमएस (सरासरी) पातळी एल आणि आर यांच्या सरासरी पॉवरशी ताडून पाहायची. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतील तर फरक ० डीबी. एकमेकींशी काही संबंध नसेल तर −३ डीबी. −३ च्याही खाली गेलं, तर दोन्ही बाजू एकमेकींना खातायत. कुठल्याही स्टिरिओ वाद्यासाठी हीच रेघ मी लक्ष्मणरेषा मानतो.

आलेखात तीन दऱ्या आल्या. त्यांचे तळ मिडी २९, ३४ आणि ४१ वर, म्हणजे एफ १, बी फ्लॅट १ आणि एफ २. (मिडी ६० ला सी ४ धरलंय. काही सॅम्पलर त्यालाच सी ३ म्हणतात, म्हणून मिडी नंबर बघा.) फरक −४ ते −५ डीबी. तोंडी सांगायचं तर खर्जातली पांढरी चार आणि काळी पाच. आता या तीन स्वरांचे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले उपस्वर) मांडा: एफ १ चा चौथा १७४.६, बी फ्लॅट १ चा तिसरा १७४.८, एफ २ चा दुसरा १७४.६ हर्ट्झ. तिन्ही एकाच जागी येतात. मोनो स्पेक्ट्रममध्येही तेच दिसतं. डावीकडची कुठलीही पट्टी दाबा, तिचा जो हार्मोनिक १६० ते १९० च्या मध्ये पडतो, तो १५ ते २० डीबी खाली गेलेला असतो.

पुढचा हिशोब सोपा. ठरावीक वेळेच्या फरकाने आलेले दोन सिग्नल मिसळले की पहिली दरी १/(२×वेळ) या फ्रिक्वेन्सीला पडते. १७४.६ वरून वेळ येते २.८६ मिलिसेकंद. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर अंतर सुमारे ९८ सेंटिमीटर. म्हणजे खर्जाच्या तारांचा आवाज डाव्या मायक्रोफोनला पोचल्यावर उजव्याला पोचायला जवळजवळ एक मीटर जास्त चालतो. मधल्या पट्ट्यांना दोन्ही मायक्रोफोन साधारण सारख्या अंतरावर, म्हणून तिथे काही बिघडत नाही. छोट्या स्पीकरवर खर्जाचा मूळ स्वर तसाही येत नाही, कान दुसऱ्या-तिसऱ्या हार्मोनिकवरूनच तो ओळखतो, आणि नेमके तेच इथे गायब. पातळपणा इतका का बोचत होता, हे यावरून कळतं.

आता उपाय. बहुतेक वेळ इथेच गेला.

उजव्या बाजूची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवणं: १७५ हर्ट्झ भरून येतो, पण ४४ ते ५८ हर्ट्झचे मूळ स्वर आता ६ ते ८ डीबी खाली जातात आणि मधल्या पट्ट्या मोनोत जवळपास पुसल्या जातात. बटण दाबून सुटणारा हा प्रश्न नाही. पोलॅरिटी म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींना सरसकट १८० अंश, आणि वेळेचा फरक म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळे अंश.

डावी बाजू उशिरा सोडणं: ४८ किलोहर्ट्झला १३७ सॅम्पल. व्हॉक्सेंगोच्या साउंड डिलेमध्ये थेट सॅम्पलचा आकडा देता येतो. खर्ज लगेच जुळला, दोन मिनिटं आनंदही झाला. मग मधल्या पट्ट्या वाजवल्या. त्या आधी जुळलेल्या होत्या, आता त्यांच्यात २.८६ मिलिसेकंद शिरले. दुसरी दरी ५२४ हर्ट्झला, आणि सी ५ आहे ५२३.२५ वर. उजव्या हाताचा नेमका तो षड्ज पोकळ. शिवाय हेडफोनवर मधला पियानो उजवीकडे सरकतो, कारण जी बाजू आधी पोचते तिकडून आवाज आल्यासारखं कानाला वाटतं.

साइडला (डाव्या-उजव्यातल्या फरकाला) हाय-पास (खालच्या फ्रिक्वेन्सी काढणारा फिल्टर): 'खालचं मोनो करा' हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि या जागी तो घातक आहे. दरी मिडमध्ये (दोन्ही बाजूंच्या बेरजेत) आहे. साइड काढून टाकली की दोन्ही बाजूंना फक्त मिड उरतं आणि आतापर्यंत मोनोपुरता असलेला खड्डा स्टिरिओतही कायमचा कोरला जातो. आधीच सुसंगत असलेल्या आवाजावरच हा उपाय करावा.

शेवटी जे चाललं ते असं: खालच्या पट्ट्यासाठी एकच मायक्रोफोन वापरायचा. पियानोचा ट्रॅक लिंकविट्झ-रायली २४ डीबी क्रॉसओव्हर फिल्टरने खालच्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सींच्या दोन भागांत तोडला. खालच्या भागात डावा चॅनल दोन्ही बाजूंना, वरचा भाग जसाच्या तसा स्टिरिओ. दोन्ही चॅनल त्याच क्रॉसओव्हरमधून जायला हवेत. एकाच बाजूला फिल्टर लावला तर त्या बाजूची फेज (लहरीची वेळेतली जागा) फिरते आणि नवीनच दरी पडते.

क्रॉसओव्हर आधी २५० हर्ट्झवर ठेवला आणि उजव्या बाजूला सांध्यावर खळगा दिसला. कारण उघड होतं: उजवीकडे आता खाली डाव्या मायक्रोफोनचा आवाज आणि वर उजव्याचा, आणि २५० ला त्या दोघांत सुमारे २५८ अंशांचा फरक. बेरीज ४ डीबी खाली. हे लिहिताना लक्षात आलं की १/वेळ, म्हणजे ३४९ हर्ट्झला हा फरक बरोबर ३६० अंश होतो. पूर्ण एक फेरा, म्हणजे पुन्हा जुळलेलं! क्रॉसओव्हर ३४९ वर नेला आणि खळगा गेला. ८८ पट्ट्यांची चाचणी पुन्हा चालवली. मिडी २९, ३४, ४१ आता −१.२ च्या आसपास. एफ २ चं वजन फोनच्या स्पीकरवरसुद्धा कळतं. ही एक पट्टी मी पुन्हा पुन्हा वाजवून ऐकली.

बाकी राहिलेलं: खर्जासाठी ५२४ हर्ट्झची दरी अजून आहे. एफ २ चा तो सहावा हार्मोनिक, इतका बारीक की चालून जाईल. मधल्या पट्ट्यांचा खालचा भाग आता फक्त डाव्या मायक्रोफोनमधून येतो, म्हणून तो किंचित दबतो. खालच्या भागाला १.५ डीबी वाढवल्यावर ठीक.

मिडी स्प्लिट करून (खालच्या आणि वरच्या पट्ट्या वेगळ्या करून) पियानोच्या दोन प्रती चालवायचा बेत होता, तो रद्द. पेडलचा मिडी संदेश (सीसी ६४) दोन्हीकडे पाठवता येतो, पण तारांची एकमेकींतली गुंज एका प्रतीतून दुसरीत जात नाही. नव्याने लायब्ररी घेणाऱ्यांनी मात्र आधी एक्सवाय मायक्रोफोनचा पर्याय आहे का ते बघावं. दोन कॅप्सूल एकाच जागी असले की वेळेचा फरकच उरत नाही. पियानोटेक या सॉफ्टवेअर पियानोच्या स्टँडर्ड आवृत्तीत मायक्रोफोन स्वतः हलवता येतात. मोनोचं काम जास्त असेल तर माझ्या मते त्याला पैसे मोजावेत.

इतर ट्रॅक थोडक्यात. पॅडच्या प्रीसेटमध्ये 'वाइड' नावाखाली एका बाजूला १२ मिलिसेकंदांचा डिले निघाला, म्हणजे दर ८३ हर्ट्झला एक दरी. बंद केला. स्ट्रिंगमध्ये क्लोज (वाद्यांजवळचे) आणि ट्री (लांबचे, उंचावर लावलेले) दोन्ही मायक्रोफोन चालू होते. तीन मीटरच्या अंतराला ८.७ मिलिसेकंद लागतात, म्हणून क्लोज काढून फक्त ट्री ठेवला. इलेक्ट्रिक पियानोचा स्टिरिओ ट्रेमोलो मोनोत सपाट होतो, कारण एक बाजू वर जाते तेव्हा दुसरी तेवढीच खाली येते. तिथे ट्रेमोलो मोनो केला.

स्टेजवर वाजवणाऱ्यांसाठी एक तपासणी: लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून टीआरएस (तीन जोडांची) केबल थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो इनपुटला लावू नका. ते इनपुट एल उणे आर घेतं, म्हणजे दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं, किक, बास आणि आता हा दुरुस्त केलेला खर्जसुद्धा, नाहीसं होतं. वाय केबलने दोन चॅनल घ्या किंवा स्टिरिओ डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) वापरा.

पुढच्या नोंदीत हीच ८८ पट्ट्यांची चाचणी व्हेलॉसिटी ४० आणि ११० वर. वेगवेगळ्या लेयरचे सॅम्पल वेगळे असतात, तेव्हा २.८६ हा आकडा तिथेही टिकतो का ते आधी बघायचंय. त्यानंतर हार्मोनियम.