वाचनालय अ‍ॅप अपडेट: दोन मिनिटांचं कोडं सुटलं, आता टोकनकडे वळतोय

सापडलं एकदाचं! वर्गणी भरून परत आलं की काही सभासद लॉगआउट झालेले दिसतात आणि काही व्यवस्थित पावतीवर पोचतात, हे जे मागच्या अपडेटपासून चालू होतं त्याचा छडा लागला. कारण इतकं भारी निघालं की ग्रंथसूचीचं सर्च बाजूला ठेवून आज फक्त यावरच लिहितोय.

आधी लक्षणं. मी टेस्ट मोडमध्ये लॉगिन करायचो, लगेच 'वर्गणी भरा' दाबायचो, पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेच्या) पानावर सक्सेस, आपल्या रिटर्न यूआरएलवर (पैसे भरून परत यायच्या पत्त्यावर) परत, पावती हजर. खरे सभासद मात्र लॉगिन करतात, कुठली पुस्तकं द्यायची राहिलीत ते बघतात, मग पैसे भरायला जातात, यूपीआय अ‍ॅप उघडतं, पिन, मध्येच रेंज जाते, आणि परत येतात तर समोर लॉगिनचं पान. पैसे कापले गेले आणि पावती नाही म्हटल्यावर माणूस घाबरणारच, लगेच ग्रंथपाल काकांना फोन. त्यात फायरफॉक्सवर हे कधीच होत नव्हतं. गनिकॉर्नच्या (अ‍ॅप चालवणाऱ्या सर्व्हरच्या) वर्कर्सची सीक्रेट की (कुकीवर सही करायची किल्ली) वेगवेगळी आहे का, त्याच्या पुढचा वेब सर्व्हर एनजिनएक्स कुकी (लॉगिन ओळखायला ब्राउझर जपतो ती चिठ्ठी) खातोय का, सगळं तपासून झालं, तिथे काहीच नव्हतं.

शेवटी क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये ती परतीची रिक्वेस्ट उघडली, कुकीजमध्ये जाऊन गाळलेल्या कुकीज दाखवायची टिक केली, आणि आपली सेशन कुकी पिवळ्या पट्ट्यात! म्हणजे ब्राउझरकडे कुकी होती पण त्यानं ती पाठवलीच नाही.

तर होतं असं. फ्लास्क (अ‍ॅप ज्यावर लिहिलंय ते पायथन फ्रेमवर्क) सेशन कुकीवर सेमसाइट, म्हणजे परक्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबर कुकी जावी का हे सांगणारी खूण, आपणहून लावत नाही. फेब्रुवारी २०२० च्या क्रोम ८० पासून सेमसाइट नसलेली कुकी लॅक्स (सेमसाइटची मधली पातळी) धरली जाते, आणि लॅक्स कुकी परक्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर (फॉर्म पाठवणाऱ्या रिक्वेस्टबरोबर) जात नाही. गेटवे परत पाठवताना स्वतःच्या पानावरून आपल्याकडे फॉर्म पोस्ट करतो. ब्राउझरच्या दृष्टीनं हा पोस्ट आणि सीएसआरएफचा हल्ला (परक्या साइटनं सभासदाच्या लॉगिनवर त्याच्या नकळत रिक्वेस्ट पाठवणं) यात काडीचा फरक नाही, दोन्हीकडे परक्या पानावरचा फॉर्म आपोआप सबमिट होतो, त्यामुळे कुकी अडवली ते बरोबरच केलं. मग माझ्याकडे का चालायचं? क्रोमनं एक सवलत ठेवलीय: सेमसाइट न सांगितलेली कुकी दोन मिनिटांच्या आत बनलेली असेल तर असा पोस्ट चालवून घेतो. माझं टेस्टिंग दोन मिनिटांत उरकायचं, सभासदांचं नाही! आणि फायरफॉक्स असं न सांगता लॅक्स धरतच नाही, म्हणून तिथे सगळं गोड.

याच्या खाली अजून एक थर होता. रिटर्न रूटवर (परतीची रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडवर) लॉगिन सक्तीचं होतं, कुकी आली नाही म्हणून फ्लास्क-लॉगिन या लॉगिन सांभाळणाऱ्या लायब्ररीनं 'आधी लॉगिन करा'चा फ्लॅश मेसेज टाकला, तो मेसेज जातो सेशनमध्ये, आणि फ्लास्कचं सेशन म्हणजे अख्खी सही केलेली कुकी. म्हणजे नव्या रिकाम्या सेशननं जुनी चांगली कुकी पुसूनच टाकली. म्हणून बॅक दाबूनही काही उपयोग होत नव्हता.

गेटवेच्या सपोर्टचं उत्तर आलं की सेमसाइट नन करा, म्हणजे कुठूनही आलेल्या रिक्वेस्टबरोबर कुकी जाऊ द्या. अजिबात करू नका! एका परतीच्या पोस्टसाठी अख्ख्या अ‍ॅपचं कुलूप काढायचं, हे मला पटत नाही. मी असं केलं: रिटर्न रूट सेशनला हातच लावत नाही, सीएसआरएफ तपासणीतून फक्त तेवढा एकच रूट वगळलाय, ऑर्डर आयडीवरून सभासद डेटाबेसमधून काढायचा, गेटवेची एचमॅक सही (गुप्त किल्लीनं केलेली) कम्पेअर-डायजेस्ट या पायथनच्या सुरक्षित तुलना फंक्शननं तपासायची, आणि ३०३ ('दुसऱ्या पानावर जा' असं सांगणारा कोड) देऊन पावतीच्या पानावर पाठवायचं. ३०३ नंतर ब्राउझर गेटनं (साधं पान मागणाऱ्या रिक्वेस्टनं) जातो, टॉप-लेव्हल (अख्खं पान उघडणाऱ्या) गेटला लॅक्स कुकी जाते, सभासद लॉगिन असलेलाच दिसतो. पावतीच्या पानावर ऑर्डर त्याच सभासदाची आहे ना, हे तपासायचं विसरू नका. आणि लॅक्स आता स्पष्ट लिहिलंय, म्हणजे दोन मिनिटांची ती सवलतही गेली. काल एक आजोबा चहा पिऊन येऊन मग पिन टाकून परतले आणि पावती दिसली, फार बरं वाटलं.

टेस्टिंगबद्दल एक. हल्ल्याचं पान लोकलहोस्टच्या (स्वतःच्याच मशीनच्या) दुसऱ्या पोर्टवर ठेवून 'बघा, लॅक्स अडवत नाही' म्हणू नका. साइट ठरवताना पोर्ट बघितलाच जात नाही, ५००० आणि ९००० एकच साइट. हल्ल्याचं पान १२७.०.०.१ वर आणि अ‍ॅप लोकलहोस्टवर ठेवा, मग खरं चित्र दिसतं.

इथपर्यंत लिहिल्यावर टोकनकडे बघितलं आणि बेत बदलला. फ्लास्क-डब्ल्यूटीएफ या फॉर्मच्या लायब्ररीचं सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरचा आहे हे पटवणारी गुप्त खूण) मुळात ३६०० सेकंदांत संपतं, काका नवीन पुस्तकांची यादी भरायला बसतात, मध्ये कुणीतरी गप्पा मारायला येतं, आणि तासाभरानं सेव्ह केलं की टोकन एक्स्पायर. मी मुदत वाढवणार होतो, पण आता सेक-फेच-साइट हेडरवर (रिक्वेस्ट कुठल्या साइटवरून आली ते ब्राउझर स्वतः त्यात सांगतो) जावं असं डोक्यात आलंय. गो भाषेच्या १.२५ आवृत्तीनं हीच पद्धत स्टँडर्ड लायब्ररीत घेतलीय: पोस्टवर हेडर सेम-ओरिजिन किंवा नन असेल तर चालेल, बाकी ४०३ (नकार), हेडरच नसेल तर ओरिजिन (पाठवणाऱ्या पानाचा पत्ता) आणि होस्ट (आपला पत्ता) हे हेडर जुळवायचे. सफारीत हा हेडर २०२३ च्या १६.४ पासून आहे, जुन्या आयफोनना ओरिजिनवर भागवावं लागेल. शिवाय हा सबडोमेनवरून आलेला पोस्टही पकडतो, सेमसाइट तिथे काहीच करत नाही, आणि आपल्या डोमेनवर मंडळाचा जुना वर्डप्रेस पडलाय हे मला कायम खुपतं.

दोन गोष्टींनी अडलोय. वाचनालयातला काउंटरचा पीसी साध्या एचटीटीपीवर आयपी टाकून येतो, तिथे सेक-फेच हेडर येतच नाहीत, म्हणजे आधी तिथे एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट लावणं आलं. दुसरं, एनजिनएक्समध्ये होस्ट पुढे देताना 'डॉलर होस्ट' लिहिलं की पोर्ट गळतो आणि ओरिजिनशी जुळत नाही, ८४४३ वर चालवणाऱ्यांनी 'डॉलर एचटीटीपी अंडरस्कोर होस्ट' लिहा.

सध्या टोकन तसंच ठेवलंय, नवीन तपासणी फक्त लॉगमध्ये लिहितेय, अडवत काही नाही. मेसेजिंग अ‍ॅपमधल्या आतल्या ब्राउझरवरून येणारे सभासद काय हेडर पाठवतात ते त्यात दिसेल. कुणी हे आधी लॉग केलं असेल तर नक्की सांगा, टोकन काढायचं की नाही ते त्यावरच ठरवणार आहे.